वर्षभर दादागिरी आणि जानेवारीत घरी: रेव्हन्सचं घोडं नेमकं पेंड कुठे खातं?

पटॅप्स्कोकाठी | २१ जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी,

रविवारी रात्री अमेरिकन फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) बफलोत आमचा बाल्टिमोर रेव्हन्स संघ हरला. सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी होती, त्यामुळे घरातलं कुणी लवकर उठलं नाही, आणि उठल्यावरही त्या विषयावर कुणी चकार शब्द काढला नाही. आज मंगळवार. मला बोलायचंय, म्हणून इथे लिहितेय.

मी मेरीलँडमध्ये एलिकॉट सिटीला राहते, बारा वर्षं झाली. सुरुवातीला हा खेळ मला काडीचा कळत नव्हता. पाच सेकंद झटापट, मग शिट्टी, मग पुन्हा सगळे उभे. शेजारच्या आजोबांनी शिकवला. ते पक्के बाल्टिमोरचे. १९८४ साली कोल्ट्स संघ एका रात्रीत सामान ट्रकमध्ये भरून इंडियानापोलिसला निघून गेला, ते दुःख त्यांनी भोगलंय. १९९६ला रेव्हन्स आले तेव्हापासून त्यांच्या पोर्चवर जांभळा झेंडा आहे. चार डाउनमध्ये (प्रयत्नांत) दहा यार्ड पुढे जायचं, नाही गेलात तर बॉल समोरच्याला, हे मी त्यांच्या सोफ्यावर बसून शिकले. आता माझा बारा वर्षांचा मुलगा मला शिकवतो.

तर प्रश्न असा. २०१९च्या मोसमात आम्ही १४ जिंकले, २ हरलो. आमचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) लमार जॅक्सन एकमताने एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. संघाने मिळून एका मोसमात ३,२९६ यार्ड पळून काढले, तो एनएफएलचा (या खेळाच्या व्यावसायिक लीगचा) विक्रम झाला. पहिल्याच प्लेऑफ सामन्यात घरच्या मैदानावर टेनेसीकडून २८-१२ हार. २०२३च्या मोसमात १३-४. कमीत कमी गुण देणारा, सर्वात जास्त सॅक करणारा (पास सुटायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणारा) आणि सर्वात जास्त वेळा बॉल हिसकावणारा, तिन्ही याद्यांत पहिला संघ आमचा. लमार पुन्हा एमव्हीपी. कॉन्फरन्सच्या (लीगच्या आमच्या अर्ध्या भागाच्या) अंतिम सामन्यात, पुन्हा घरच्याच मैदानावर, कॅन्सस सिटीकडून १७-१० हार. यंदा, म्हणजे २०२४च्या मोसमात, १२-५, लमारचे ४१ टचडाउन पास (टचडाउन म्हणजे सहा गुण) आणि फक्त ४ इंटरसेप्शन (समोरच्याने पकडलेले पास). तरी बफलो २७, आम्ही २५. लमारचा प्लेऑफचा हिशोब आता ३ विजय आणि ५ पराभव.

टेनेसीच्या त्या सामन्याला, ११ जानेवारी २०२०ला, मी स्वतः स्टेडियममध्ये होते. शनिवारची रात्र, सव्वाआठची सुरुवात. आम्ही वरच्या मजल्यावर, एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या, बॉल पोचवायच्या पट्ट्याच्या) कोपऱ्यात. पहिल्याच वेळी बॉल आमच्याकडे आला तेव्हा आमच्या मार्क अँड्र्यूजच्या हातांना लागून तो उडाला आणि टेनेसीच्या केविन बायर्डने पकडला. ठीक आहे, होतं असं. मग दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला, ७-० मागे असताना, स्वतःच्या ४५ यार्डच्या रेषेवर चौथा डाउन आणि फक्त एक यार्ड. त्या मोसमात चौथ्या डाउनला एक यार्ड हवा असताना आम्ही ८ पैकी ८ वेळा तो काढलेला. माझ्या आजूबाजूला कुणी उभंसुद्धा राहिलं नव्हतं, इतकी सगळ्यांना खात्री. लमार मध्ये घुसला, वर माणसांचा ढीग पडला, आणि पंचांनी उलट्या दिशेला हात केला. लगेच पुढच्या खेळीत त्यांचा क्वार्टरबॅक टॅनेहिल याने ४५ यार्डचा टचडाउन फेकला. १४-०.

त्यानंतर जो आवाज झाला तो मी कधी विसरणार नाही. म्हणजे झालाच नाही. सत्तर हजार माणसं आणि खालच्या टेनेसीच्या बाकावरचा आरडाओरडा आम्हाला वर ऐकू येत होता.

माझं मत मी आधीच सांगते. मला वाटतं, मागे पडल्यावर हा संघ घाबरतो आणि स्वतःचा खेळ सोडून देतो. त्या रात्री लमारने ५९ पास फेकले. मोसमभराची त्याची सरासरी सामन्याला २७च्या आसपास होती! कॅन्ससविरुद्ध तर अंतर फक्त दहा गुणांचं, पूर्ण उत्तरार्ध हातात, आणि आमच्या रनिंग बॅकनी (बॉल घेऊन पळणाऱ्या खेळाडूंनी) सगळ्या सामन्यात मिळून सहा वेळा बॉल नेला. सहा! वर्षभर ज्या संघाने पळून लोकांना घाम फोडला तो संघ.

हे मनाचं आहे, प्रशिक्षकाचं आहे, की आणखी काही? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं. "नशीब" एवढंच लिहू नका, ते मी घरात ऐकतेय.

---

तिसरा_डाउन | २१ जानेवारी २०२५

ताई, मी नॅशव्हिलचा. म्हणजे त्या रात्री ज्यांनी तुमचा घास काढला त्यांच्यातला. त्यामुळे दुसऱ्या बाजूने काय दिसलं ते सांगतो.

आधी एक गोष्ट. आमच्या बचावाचे सूत्रधार तेव्हा डीन पीज होते. हे गृहस्थ २०१२ ते २०१७ बाल्टिमोरमध्येच बचाव सांभाळत होते. तुमच्या घरात राहून गेलेला माणूस. आणि आमचा संघ ९-७, कसाबसा आत आलेला, पण आदल्याच आठवड्यात फॉक्सबरोला जाऊन पेट्रियट्सना २०-१३ हरवून आलेला. आमच्याकडे गमावण्यासारखं काही नव्हतं.

आता खेळाचं. लमारचा तेव्हाचा पासिंग खेळ मैदानाच्या मधल्या पट्ट्यावर उभा होता. टाइट एंड (अँड्र्यूजसारखे, पास पकडणारे धिप्पाड खेळाडू) मधून निघायचे, बचाव करणारे पळण्याच्या धाकाने पुढे सरकलेले असायचे, आणि त्यांच्या डोक्यावरून बॉल जायचा. आम्ही काय केलं, तर मधला पट्टा माणसांनी भरला आणि बाहेरच्या कडा मोकळ्या सोडल्या. "फेक तिकडे," असं जणू सांगितलं. आणि तुमच्या संघाने यार्ड काढलेच की! ५३० यार्ड, आमचे ३००. लमार एकटा १४३ यार्ड पळाला. कागद बघितला तर तो सामना तुम्ही जिंकायला हवा होता.

पण यार्ड म्हणजे गुण नव्हेत. चौथ्या डाउनला तुम्ही चार वेळा प्रयत्न केला आणि चारही वेळा अडलात. तीन वेळा बॉल दिलात, आम्ही एकदाही दिला नाही. म्हणजे सात वेळा तुमचा बॉल फुकट आमच्या हातात. टॅनेहिलने पूर्ण सामन्यात फक्त ८८ यार्ड फेकले, १४ पैकी ७ पास. त्याला जास्त फेकायची गरजच पडली नाही, कारण आमचा रनिंग बॅक डेरिक हेन्री ३० वेळा बॉल घेऊन १९५ यार्ड पळाला. घड्याळ त्याच्या हातात होतं.

तुम्ही म्हणता तसं "घाबरले" हे मला पटत नाही. मला वाटतं, हा आघाडीवर असताना खेळायला बांधलेला संघ होता. जो संघ दर रविवारी पहिल्या क्वार्टरमध्ये दहा-चौदा गुणांनी पुढे जातो, त्याचं सगळं तंत्र त्या आघाडीवर चालतं. पुढे असलात की समोरच्याला फेकावं लागतं, तो फेकताना चुकतो, तुमचे सॅक वाढतात, बॉल तुमच्याकडे येतो, तुम्ही अजून पळता. चाक फिरत राहतं. तेच चाक एकदा उलटं फिरलं की तितक्याच वेगाने उलटं फिरतं. २०१९च्या मोसमात तुम्ही दोनच हरलात, कॅन्सस आणि क्लीव्हलँड. मागून येऊन जिंकायची सवय लागणार कुठून? सराव सामन्यातच होतो, आणि त्यांना वर्षभर सामन्यात तो मिळालाच नाही.

आणि लोक जे सांगतात, की विश्रांतीने गंज चढला, ते मी पूर्ण मानत नाही. बरोबर आहे, लमार २२ डिसेंबरनंतर थेट ११ जानेवारीला उतरला, वीस दिवस. पण २०२३लाही त्याला शेवटच्या सामन्यात बसवलं होतं, मग आठवडाभराची सुट्टी होती, आणि नंतर ह्यूस्टनला ३४-१० लोळवलं. गंज असता तर तिथेही दिसला असता.

आमचंही सांगतो, म्हणजे तुम्हाला एकटं वाटणार नाही. २०२१च्या मोसमात आम्ही १२-५, कॉन्फरन्समध्ये पहिले. २२ जानेवारी २०२२, सिनसिनाटी आमच्या घरी. आमच्या बचावाने त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो याला नऊ वेळा पाडलं. नऊ सॅक! एवढे सॅक खाऊन कुणी प्लेऑफ सामना जिंकतं का? ते जिंकले, १९-१६. कारण टॅनेहिलने तीन इंटरसेप्शन दिले. पहिला सामन्याच्या पहिल्याच खेळीवर. शेवटचा बरोबरी असताना, वीस सेकंद उरलेली असताना. मग त्यांच्या मॅकफर्सनने ५२ यार्डवरून किक मारली. मी खुर्चीवरून उठलोच नाही कितीतरी वेळ. बायकोने येऊन टीव्ही बंद केला.

कॅन्ससविरुद्ध तुमच्या रनिंग बॅकनी फक्त सहा वेळा बॉल नेला, ते मात्र मलाही आजपर्यंत कळलेलं नाही. तिथे तुमच्याशी शंभर टक्के सहमत. उत्तरार्धात कॅन्ससने एकही गुण केला नाही. एकही नाही! तुमच्या बचावाने त्यांना अर्धा तास कोंडून ठेवलं होतं आणि तुमचं आक्रमण मात्र घाईत लांब लांब फेकत बसलं.

---

वजाबाकी | २१ जानेवारी २०२५

पटॅप्स्कोकाठी, "नशीब" लिहू नका म्हणालात, पण आकडेमोड तर करू द्या.

समजा तुमचा संघ इतका भारी आहे की कुठल्याही एका सामन्यात जिंकण्याची शक्यता ७५ टक्के. पहिला मानांकित असल्यामुळे पहिली फेरी माफ. सुपर बोल (अंतिम सामना) धरून तीन सामने सलग जिंकायचे. ०.७५ गुणिले ०.७५ गुणिले ०.७५ म्हणजे साधारण ४२ टक्के. याचा अर्थ, असा संघ पाचातल्या जवळजवळ तीन वर्षी रिकाम्या हाताने परतणार, आणि त्यात कुणाचं काही चुकलेलं नसणार. प्लेऑफमध्ये समोरचे संघही तगडे, म्हणून ७५ऐवजी ६५ धरा. मग उरतात २७ टक्के.

हाच ७५ टक्क्यांचा संघ बास्केटबॉलसारखी सात सामन्यांची मालिका खेळला तर ती मालिका जिंकण्याची शक्यता ९३ टक्क्यांच्या घरात जाते. तिथे एक वाईट रात्र पचते. फुटबॉलमध्ये ती पचत नाही, कारण माणसाचं शरीर आठवड्यात एकापेक्षा जास्त सामने सहसा सोसत नाही. त्यामुळे हा खेळ एका रात्रीवर ठरतो, ठरणारच.

आणि तुम्ही विसरताय, की याच नियमाने तुम्हाला एक करंडकही दिलाय. २०१२च्या मोसमात रेव्हन्स १०-६ होते. डेन्व्हर १३-३, पहिला मानांकित, स्वतःच्या घरी. शेवटच्या मिनिटात तुमच्या तेव्हाच्या क्वार्टरबॅकने, फ्लॅकोने, ७० यार्डचा पास जेकोबी जोन्सला दिला, बरोबरी झाली, आणि दुसऱ्या जादा वेळेत ३८-३५ जिंकलात. पुढे सुपर बोलही घेतलात, ३४-३१. त्या रात्री डेन्व्हरमध्येही कुणीतरी हाच प्रश्न विचारला असणार.

---

पटॅप्स्कोकाठी | २१ जानेवारी २०२५

वजाबाकी, डेन्व्हरचा सामना आजोबांनी मला निदान दहा वेळा सांगितलाय, जेकोबी जोन्सचं नाव काढलं की अजूनही ते हात वर करतात. तुमचं गणित मान्य. पण गणित मला हे सांगत नाही की जानेवारी २०२०ला टेनेसीविरुद्ध बॉल गमावण्याचा हिशोब तीन-शून्य, जानेवारी २०२४ला कॅन्ससविरुद्ध तीन-शून्य, आणि परवा बफलोविरुद्ध परत तीन-शून्य. वेगवेगळे विरोधी संघ, वेगवेगळी वर्षं, खेळाडूही बरेचसे बदललेले. नाणं तीनदा उडवलं आणि तीनदा काठावर उभं राहिलं, असं म्हणायचं का?

तिसरा डाउन, डीन पीज यांचं मला माहीत नव्हतं. मुलाला सांगितलं तर म्हणाला, "मग त्यांना सोडलं कशाला?"

---

शुक्रवार_रात्र | २२ जानेवारी २०२५

मी टेक्ससमध्ये राहतो. माझा मोठा मुलगा हायस्कूलमध्ये रनिंग बॅक आहे, त्यामुळे चार वर्षं दर शुक्रवारी रात्री आम्ही पत्र्याच्या बाकांवर असतो. एनएफएलची डावपेचाची बाजू मला वरच्या भाऊंइतकी कळत नाही. पण बॉल हातातून कसा सुटतो हे मी अगदी जवळून पाहिलंय.

बॉल धरायचा म्हणजे नुसता काखेत दाबायचा नाही. बॉलच्या टोकावर बोटं पसरून, तळवा खाली, पुढचा हात बॉलला चिकटलेला, दंड वरून, आणि मागचं टोक छातीला. पाच जागी दाब पाहिजे. एक जागा सुटली की बॉल सुटला समजा. नवव्या इयत्तेत असताना मुलाने एका सामन्यात फंबल केलं (हातातला बॉल सोडला), तर प्रशिक्षकांनी पुढचा आठवडाभर त्याला शाळेत बॉल घेऊन फिरायला लावलं. गणिताच्या तासाला, जेवताना, पायऱ्या चढताना. बाकीच्या मुलांना सांगून ठेवलेलं, की कुणीही कुठेही मागून येऊन तो पाडायचा. रात्री जेवणाच्या टेबलावरसुद्धा डाव्या काखेत बॉल आणि उजव्या हाताने जेवण. मी एकदा गंमत म्हणून मागून हात घातला, तर पठ्ठ्याने मान न वळवता कोपर आवळलं.

आता उलट बाजू. बचाव करणाऱ्यांनाही तेवढ्याच हिरीरीने बॉल पाडायला शिकवतात. माणसाला पाडायचा नाही, त्याच्या हातातल्या बॉलवर मूठ मारायची. शिकागोचा चार्ल्स टिलमन यात उस्ताद होता, २०१२च्या एका मोसमात त्याने दहा फंबल करवले. त्यानंतर सगळ्यांनी ते उचललं. आता तुमचे दोन सामने डोळ्यांसमोर आणा. कॅन्ससविरुद्ध तुमचा झे फ्लावर्स, चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला, गोल लाइनवर. त्याने झेप घेतली, बॉल पुढे लांबवला, आणि कॅन्ससच्या स्नीडने त्यावर ठोसा मारला. बॉल एंड झोनमध्ये, कॅन्ससच्या हातात. परवा बफलोत मार्क अँड्र्यूज, चौथाच क्वार्टर, २४-१९ मागे. पास पकडला, पळायला लागला, मागून बफलोचा टेरेल बर्नार्ड आला आणि मुठीने बॉल उडवला, आणि स्वतःच पडून घेतला.

दोघांचंही एकच झालं. ते अजून एक यार्ड मिळवायला गेले. ताई, माझं प्रामाणिक मत असं की हे घाबरणं नाही. घाबरलेला माणूस बॉल छातीशी आवळून खाली बसतो. हे उलटं आहे. ज्याला वाटतं की सामना आपणच फिरवायचा, आत्ता, याच खेळीत, त्याचा हात शरीरापासून सुटतो. मोसमात सोळा गुणांनी पुढे असताना फ्लावर्सने तो बॉल लांबवलाच नसता, दोन यार्ड अलीकडे पडला असता आणि पुढच्या खेळीत कुणीतरी आत नेला असता. दहा गुणांनी मागे आहोत, घड्याळ पळतंय, घरचं मैदान, म्हणून तो ताणला गेला.

आणि त्याच वेळी समोरचा मात्र माणूस नव्हे, बॉल बघत असतो. नोव्हेंबरमध्ये बचाव करणारा आधी टॅकल पुरा करतो, कारण टॅकल चुकलं तर सोमवारी चित्रफीत दाखवून बोलणी बसतात. जानेवारीत तो जुगार खेळतो. उद्याचा सामनाच नसेल तर राखून काय ठेवायचं?

मुलाच्या प्रशिक्षकांचं एक आवडतं वाक्य आहे, ते इथे देतो: बॉल म्हणजे तुमच्या हातातलं सगळ्या गावाचं लेकरू. अर्थात ते इंग्रजीत बोलतात, पण मला ते मराठीतच ऐकू येतं.

---

थंड_तळं | २२ जानेवारी २०२५

मिशिगनहून लिहितोय, फार लिहायची ताकद नाही. तुमच्या आदल्याच रात्री, शनिवारी, आमचे डेट्रॉइट लायन्स. १५-२. इतकी वर्षं वाट पाहिलेला मोसम. वॉशिंग्टनकडून घरच्या मैदानावर ४५-३१. आम्ही पाच वेळा बॉल गमावला, त्यांनी एकदाही नाही.

आमच्याकडे मात्र आणखी एक कारण होतं, ते इथे कुणी मांडलं नाही. आमच्या बचावातल्या एडन हचिन्सनचा पाय ऑक्टोबरमध्येच मोडला, आणि त्यानंतर बचावातला एकेक माणूस जखमी यादीत जात राहिला. जिंकत होतो म्हणून ते झाकलं गेलं. आक्रमण दर आठवड्याला तीस-चाळीस गुण करून द्यायचं, मग बचावाने किती दिले याकडे कोण बघतो? शनिवारी आक्रमणाने बॉल दिला आणि मागे सावरायला कुणीच नव्हतं. १५-२ हा आकडा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संघाचाही होता. जानेवारीत मैदानावर उतरलेला संघ तोच नव्हता.

एवढंच. पटॅप्स्कोकाठी, तुमचं दुःख कळतं.

---

तिसरा_डाउन | २२ जानेवारी २०२५

थंड तळं, हा मुद्दा लाख मोलाचा. २०१९च्या रेव्हन्सचंही थोडं तसंच होतं. त्यांचा रनिंग बॅक मार्क इन्ग्रम याची पोटरी डिसेंबरच्या शेवटी दुखावली होती, आमच्याविरुद्ध तो उतरला पण सहाच वेळा बॉल घेतला, २२ यार्ड. तो धडधाकट असता तर चौथ्या डाउनचा तो एक यार्ड कदाचित लमारला स्वतः काढावा लागला नसता.

शुक्रवार रात्र, पाच जागी दाब हे वाचून मी उठून उशी घेऊन करून पाहिलं. तिसरी जागा सुटते माझी.

---

पटॅप्स्कोकाठी | २२ जानेवारी २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर मी आणि मुलाने परवाचा सामना पुन्हा लावला. मला खरं तर बघायचा नव्हता, पण हे सगळं वाचल्यावर राहवेना. वही घेऊन बसलो. तो खेळी सांगायचा, मी लिहायचे.

आणि माझं मत मला मागे घ्यावं लागतंय. "मागे पडले की स्वतःचा खेळ सोडतात" हे बफलोत खरं नव्हतं. पूर्वार्ध संपला तेव्हा २१-१० मागे होतो, तरी तिसऱ्या क्वार्टरमध्ये पळतच राहिलो. हेन्रीने १६ वेळा ८४ यार्ड काढले, टचडाउनही केला. (होय तिसरा डाउन, तोच तुमचा हेन्री. ज्याने त्या रात्री आम्हाला तुडवलं तो आता आमचा आहे, यंदा १,९२१ यार्ड पळालाय, आणि त्याला जांभळ्या जर्सीत बघताना मला अजूनही क्षणभर धस्स होतं.) एकूण यार्ड आमचे ४१६, त्यांचे २७३. म्हणजे टेनेसीसारखंच, कागदावर आम्ही पुढे. कॅन्ससच्या वेळी झालेली चूक या वेळी केली नाही. ती सुधारली, आणि तरी हरलो.

मग उरलं काय, तर शुक्रवार रात्र यांनी लिहिलेलं. पूर्वार्धात लमारच्या हातून बॉल सुटला, ओल्या बर्फात, आणि बफलोचा व्हॉन मिलर तो उचलून ३९ यार्ड पळाला. तिथे मी थांबवून थांबवून पाहिलं. लमारला आपल्या रक्षकांच्या घेऱ्यातून निघायची वाट दिसत होती, तो एकदा वळला, पुन्हा वळला. बॉल एका हातात. अंगाजवळ नाही. वर्षभर तो असाच वळतो आणि त्यातूनच आमचे अर्धे टचडाउन निघतात, हे मला माहीत आहे. त्याला "बॉल आवळ आणि खाली बस" सांगितलं तर तो लमार राहील का, हे मला कळत नाही. तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल तर सांगा.

अँड्र्यूजचं मात्र मी दोनदा पाहू शकले नाही. फंबलनंतर २७-१९ झालं. मग आमच्या लाइकलीने २४ यार्डचा टचडाउन घेतला, २७-२५, एक मिनिट तेहतीस सेकंद बाकी. टचडाउननंतर किकने एक जादा गुण घेता येतो, किंवा बॉल पुन्हा एंड झोनमध्ये पोचवून दोन; त्या दोन गुणांसाठी अँड्र्यूज उजव्या कोपऱ्याकडे मोकळा. बॉल थोडा खाली, तो घसरत गेला, दोन्ही हातांत आला, आणि निसटला. मुलाने रिमोट घेऊन तेवढंच पाच वेळा पाहिलं. मी म्हटलं, बास कर, किती वेळा बघशील. तो म्हणाला, "आई, त्याची बोटं उघडी आहेत बघ. अंगठे बाहेर पाहिजेत एवढ्या खालच्या बॉलला." मग उठला, सोफ्याची छोटी उशी घेतली आणि मला दाखवली, करंगळ्या एकमेकींना लावून.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये २१-१९ असताना आम्ही बरोबरीसाठी दोन गुणांचा प्रयत्न केला आणि तो फसला. तेव्हा साधी किक मारून २१-२० केलं असतं, तर शेवटच्या टचडाउनला २७-२६ झालं असतं, आणि मग फक्त किकने बरोबरी. वजाबाकी, हा हिशोब बरोबर आहे का? का तिथे दोनला जाणंच योग्य होतं? आजोबांचं आणि माझं यावरून काल कुंपणापाशी चांगलंच वाजलं. ते म्हणतात एक क्वार्टर बाकी असताना दोनच्या मागे कधीच लागायचं नाही. मी म्हणते २१-१९ पेक्षा २१-२१ केव्हाही बरं.

---

वजाबाकी | २३ जानेवारी २०२५

हिशोब बरोबर आहे, पण एक गोष्ट धरा. २१-२० असतं तर बफलोनेही पुढे वेगळं खेळलं असतं. २४-१९ नंतर त्यांनी जे निर्णय घेतले ते २४-२० असताना घेतले असते असं नाही. शेवटचा आकडा बदलून बाकीचं तसंच ठेवता येत नाही.

दोन गुणांचा प्रयत्न साधारण निम्म्या वेळा यशस्वी होतो, किक मात्र शंभरात चौऱ्याण्णव-पंचाण्णव वेळा. हाती असलेल्या गुणांच्या दृष्टीने दोन्ही जवळजवळ सारखे. एवढा वेळ बाकी असताना मी आजोबांच्या बाजूने आहे. पण अगदी थोडासा. हेन्री तसा पळत असताना दोन यार्डसाठी माझाही हात दोनच्या बटणावर गेला असता.

---

पटॅप्स्कोकाठी | २३ जानेवारी २०२५

आजोबांना तुमचं उत्तर भाषांतर करून वाचून दाखवलं. "थोडासा" हा शब्द मी गाळला नाही. त्यांनी झेंडा अजून उतरवलेला नाही, दर वर्षी हरल्याच्या दुसऱ्या दिवशी उतरवतात. विचारलं तर म्हणाले, वारा फार आहे, शनिवारी बघू.